मोडक्या पायाने शर्यत जिंकणारी बिजली

आमच्या वाचनालयात घोड्यांची पुस्तकं कुणी नावाने मागत नाही. मुली दारातूनच ओरडतात, "मावशी, बिजली आली का?" नाहीतर, "शेवंती कोणाकडं गेली वं?" परक्या माणसाला वाटावं की ही बाई तबेला चालवते.

मी तबेला चालवत नाही. दिग्रसच्या एका वाचनालयात सकाळी झाडते, माठ भरते आणि दुपारी फाटलेली पुस्तकं बांधते. शाळा चौथीपर्यंत झाली. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून जे सांगावंसं वाटतं ते मी लिहून ठेवते. बांधणीत कोरे कागद उरतात, त्यांचीच ही वही शिवली आहे.

बांधणीचं काम मला कुणी शिकवलं नाही. पूर्वी पुसदहून एक म्हातारे बाइंडर वर्षातून एकदा यायचे आणि आठ दिवस मुक्काम करून सगळी पुस्तकं दुरुस्त करायचे. मी त्यांना पुठ्ठे उचलून द्यायची आणि बघत राहायची. त्यांचं येणं थांबलं, फाटकी पुस्तकं कपाटात साचली, तेव्हा मी घरी एक जुनं पंचांग शिवून पाहिलं आणि न बोलता ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवलं. ग्रंथपालांना आम्ही सगळे सर म्हणतो. सरांनी पंचांग उलटसुलट केलं, पाठ वाकवून पाहिली आणि म्हणाले, "वनिताबाई, उद्यापासून दुपारी हेच करा."

ज्यांनी कधी पुस्तक उसवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुस्तकाची पानं सुटी छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि त्याची घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. असे दहा-पंधरा फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. फाटतं ते बहुतेक पाठीतून. मग पाठ सोलायची, जुनी खळ खरवडायची, फर्मे सुटे करायचे, पानांचे आकडे जुळवायचे, दाभणाने भोकं पाडून शिवायचं, पाठीला कापड लावायचं आणि वरून पुठ्ठा. खळ मैद्याची. तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं. ते विसरलं तर महिन्याभरात झुरळांची पंगत बसते.

पुस्तक उसवलं की वाचणाराही थोडा उघडा पडतो. आमचे एक निवृत्त तलाठी आहेत, ते खुणेसाठी पापडाचा तुकडा ठेवतात. स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या हळदीच्या बोटांवरून मला कळतं की पातोड्याच्या रश्शाचं पान किती घरांत उघडलं गेलं. एक शिंपीकाका रहस्यकथा शेवटून वाचतात. त्यांची पुस्तकं नेहमी मागच्या बाजूने फाटतात. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "बाई, खून कोणं केला ते समजलं की मंग निवांत वाचता येते."

आता घोड्यांची गोष्ट.

एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला सहा कादंबऱ्यांचा एक संच दिला. सगळ्या एकाच आकाराच्या, हिरव्या पुठ्ठ्याच्या. सहाही पुस्तकांत मुलगी एकच, रेवा. आई गेल्यावर ती दूर डोंगरातल्या गावी मामाकडे येते. मामाचा घोड्यांचा तबेला असतो. गावातल्या मुली तिच्याशी बोलत नाहीत, तिच्या बोलीला हसतात. तिची दोस्ती होते ती घोडीशी, आणि प्रत्येक पुस्तकात घोडी वेगळी. तिसऱ्या पुस्तकात बिजली, चौथ्यात शेवंती.

आमच्या मुलींना या पुस्तकांचं वेडच लागलं. त्यातही बिजलीचं. कारण बिजली पूर आलेल्या नदीतून रेवाला पार नेते, त्यात तिचा पाय मोडतो, आणि पुढच्याच पानावर ती त्याच मोडक्या पायाने गावची शर्यत जिंकते. हे वाचून सातवीतली कल्याणी इथेच बाकावर ढसाढसा रडली होती. तिचं रडणं बघून त्याच दिवशी चार जणींनी बिजलीसाठी नंबर लावला. सरांनी तर वाचनदिनाच्या भाषणात सांगितलं, "मुलींनो, जिद्द कशी असावी? मोडक्या पायाने शर्यत जिंकणाऱ्या बिजलीसारखी!" टाळ्या पडल्या. मी मागे सतरंजीच्या टोकाला उभी होते. ते पुस्तक मी बांधलं होतं, म्हणून मलाही थोडं फुलल्यासारखं झालं.

मुबीना त्या भाषणाला नव्हती. ती नंतर आली. सलीमभाई घोडीवाले तिचे वडील. लग्नात नवरदेवाला बसवायला त्यांची घोडी जाते, दारव्हा, आर्णीपर्यंत बोलावणं असतं. मुबीना आठवीत होती. शाळेत तिला घोडीवाली म्हणायचे, आणि ती बाकावर येऊन बसली की बाकीच्या नाकाला ओढणी लावून पलीकडे सरकायच्या. ती काही बोलायची नाही. खिडकीखाली जमिनीवर बसायची आणि एका दमात वाचायची. शनिवारी एक तास, एवढीच तिला घरून परवानगी होती. मला ती आवडायची. न बोलणारं माणूस मला लगेच ओळखू येतं.

एका शनिवारी सर आत आले ते बिजलीचं पुस्तक हातात धरूनच. मागे मुबीना. सरांनी पान मला दाखवलं. एकशे पंचेचाळीसाव्या पानाच्या समासात निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'झूट. पाय मोडला तं घोडी उभी बी राहत नाही.'

"पुस्तकात पेनानं लिहायचं नाही, ही पाटी वाचता येते का तुला?" सरांनी विचारलं.

"येते सर."

"मग?"

"पण ते झूटच हाय सर."

"अगं, गोष्ट आहे ती! गोष्टीत घोडे उडतातसुद्धा."

मुबीना थोडा वेळ विचार करून म्हणाली, "उडन सर. पण पाय मोडल्यावर नाही."

सरांना ते उद्धटपणाचं वाटलं. भाषण त्यांनीच केलं होतं, तेही मनात असेल. त्यांनी तिचं कार्ड काढून घेतलं आणि वर्षभर यायचं नाही म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी सलीमभाईंना निरोपही गेला. सलीमभाईंनी उलट निरोप दिला, "माफी करा. पोरगी आता मोठी झाली, पुन्हा येणार नाही." वर्षभर काय, कधीच नाही.

सरांनी मला पुस्तक देऊन सांगितलं होतं, "त्या लिहिण्यावर कोरी पट्टी चिकटवा." सोमवारी दुपारी मी पट्टी कापली, खळ घेतली आणि चिकटवण्याआधी सहज मागचं पान वाचलं. खरं सांगायचं तर मी बांधलेली सगळी पुस्तकं वाचत नाही. आकडे बघते. आकडे मला चौथीपर्यंत पक्के आले आहेत आणि बांधणीला तेवढं पुरतं, असं वाटायचं.

मागच्या पानावर पाय मोडला होता. पुढच्या पानावर घोडी धावत होती. मुबीना म्हणते ते बरोबरच होतं. मी आणखी मागे गेले. पुराच्या पानांमध्ये घोडीचं नाव कुठेच नव्हतं, नुसतं 'घोडी', आणि ती पांढरीशुभ्र होती. आणि पहिल्याच पानावर बिजली कशी होती? खजुराच्या रंगाची.

माझ्या हातातली खळ तशीच वाळली. मी कपाटातून शेवंतीचं पुस्तक काढलं. शेवंती पांढरी. तिच्या पुस्तकात रेवा शर्यतीचं बोलत असते आणि पुढच्याच पानावर एकदम घोडीच्या पायाला पट्ट्या बांधून रडत बसलेली असते. का रडते, ते कुठेच नव्हतं.

मग मला दोन वर्षांपूर्वीची ती मे महिन्याची दुपार आठवली. दोन्ही पुस्तकांच्या पाठी एकदमच गेल्या होत्या, म्हणून मी दोन्ही एकत्र उसवून दोन थप्प्या लावल्या होत्या. लाइट गेली होती. ती अचानक आली आणि टेबलपंख्याने दोन्ही थप्प्या जमिनीवर सांडल्या. मी गोळा केल्या आणि आकडे जुळवले. नववा फर्मा दोन्ही पुस्तकांत एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस. आकडे बरोबर होते. घोड्या बदलल्या होत्या.

प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली अगदी बारीक अक्षरांत पुस्तकाची खूण आणि फर्म्याचा आकडा छापलेला असतो. तो बाइंडरसाठीच असतो. मी इतकी वर्षं त्याला शोभेची छपाई समजत होते.

बिजलीची खरी सोळा पानं मी तिथेच बसून वाचली. शर्यतीत परक्या गावची मुलगी नको, असं पंच ठरवतात. रेवा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते. सहा पुस्तकांत ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलते. म्हणते, "घोडी माझी आहे. माझं नाव लिहा." दोन वर्षं आमच्या गावात बिजली शर्यत जिंकत होती, पण रेवा शर्यतीत आली कशी हे बिजलीच्या पुस्तकात एकाही मुलीने वाचलेलं नव्हतं. मी ते शेवंतीच्या पोटात शिवून टाकलं होतं.

यानंतर मी जे केलं ते लिहायला मला आवडत नाही. मी ताबडतोब दोन्ही पुस्तकं उसवली, फर्मे अदलाबदल केले आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बांधून दाबायला शिकंज्यात घातली. पट्टीही चिकटवली. बांधणी इतकी सुरेख झाली की मी स्वतःच पाठीवरून हात फिरवला. चूक दुरुस्त झाली, कुणाला काही सांगायला नको. घरी जाताना मी चक्क गुणगुणत होते.

मंगळवारी भाकरी थापता थापता मला उमगलं. उद्या मुबीना वडिलांना घेऊन आली आणि म्हणाली, बघा, इथे पाय मोडला आणि इथे धावते, तर ती दाखवणार काय? त्या पुस्तकात आता पाय मोडतच नव्हता. तिच्या खरेपणाचा एकमेव पुरावा मी माझ्या हाताने काढून टाकला होता. तव्यावरची भाकरी जळाली.

बुधवार, गुरुवार मी सरांच्या टेबलापर्यंत गेले आणि टेबल पुसून परत आले. शुक्रवारीही पुसलं. सर म्हणाले, "वनिताबाई, आज टेबल फार चमकतंय." मी हो म्हणाले.

शनिवारी कल्याणी बिजली परत घेऊन तिसऱ्यांदा वाचायला बसली आणि अर्ध्या तासात किंचाळली, "मावशी! कोणंतरी बिजलीचा पाय काढून टाकला!"

सगळ्या मुली धावल्या. "म्हंजे?"

"म्हंजे मोडतच नाही आता! पूर बी गेला! चांगल्या पायानंच धावून राह्यली!"

"असं कसं होईन वं? दाखव."

"मुबीनानंच केलं असन," एक जण म्हणाली. "तिनं लिहिलं होतं ना झूट म्हून. तिनंच पानं फाडून दुसरी लावली."

"हो ना. घोडीवालीच ते."

आवाज ऐकून सर आले. कल्याणीने पुस्तक पुढे केलं, बाकीच्यांनी मुबीनाचं नाव घेतलं. सरांनी पानं चाळली. चेहरा कडक झाला. म्हणाले, "म्हणजे नुसतं लिहिलंच नाही, पानंसुद्धा बदलली? आता शाळेत कळवावं लागेल."

माझ्या हातात झाडू होता. तो मी भिंतीला टेकवायला गेले, तो पडला, आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मग बोलावंच लागलं.

"मी केलं," मी म्हणाले.

"काय?"

"पानं. आधी चुकवली, मग बदलली. दोन्ही मीच."

मी सगळं सांगितलं. पंखा, थप्प्या, एकशे एकोणतीस. खाली बघूनच बोलत होते, त्यामुळे सरांच्या चपलांचे अंगठे मला आजही तोंडपाठ आहेत.

सर खुर्चीवर बसले. "दोन वर्षं?"

"हो."

"आणि कुणालाच कळलं नाही?"

"मुबीनाला कळलं."

"पण पोरींनो, तुम्ही दहा-दहा वेळा वाचलंत. घोडी पांढरी झाली, ते तुम्हाला दिसलं नाही?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "मले वाटलं, मधात दुसरी घोडी आणली असन." दुसरी म्हणाली, "मले वाटलं, तिले सपन पडलं." कल्याणी खाली मान घालून म्हणाली, "मले वाटलं, घाबरून पांढरी पडली."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, बांधणीचं काम गेलं आता. ते हळूच म्हणाले, "म्हणजे माझं ते भाषण..." आणि त्यांचे खांदे हलायला लागले. सरांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हसून झाल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून मुबीनाचं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. "चूक तुमची, चुकीचा आळ माझा. दोघांचीही माफी तुम्हीच मागून या. मी आलो तर सलीमभाई घाबरून चहा-पाण्यातच गुंततील. आणि एक सांगा तिला, पेन्सिल वापर म्हणावं."

सलीमभाईंचं घर नाल्यापलीकडे. मी गेले तेव्हा अंगणात घोडीला आंघोळ चालली होती, संध्याकाळी वरात होती. मुबीना घोडीच्या शेपटीला मेंदी लावत होती. मला बघून ती उठली नाही, मेंदीचा हात तसाच थांबला.

"सलामालेकुम भाऊ," मी म्हणाले. "पुस्तकात चूक होती. माझ्या हातची. मुबीनानं लिहिलं ते बरोबर होतं."

सलीमभाईंनी बादली खाली ठेवली. "तुमची गलती?"

"हो."

"मंग साहेबाले कोणं सांगतलं?"

"मीच."

"तुमी बोलल्या?" ते खरंच चकित झाले. माझी कीर्ती नाल्यापलीकडेही गेली होती. मग म्हणाले, "पर किताबीवर कलमानं लिहिलं ते गलतच झालं बाई."

"ते गलतच. पेन्सिलीनं लिहायचं, असं सर म्हणाले."

ते मुबीनाकडे वळले. "तुले कसं कळलं वं?"

"अब्बा, त्यात लिहिलं व्हतं, पुढचा पाय मोडला अन् दुसऱ्या पानावर शर्यत."

सलीमभाई जोरात हसले. घोडीने कान टवकारले. "मोडला पाय अन् शर्यत! अन् सारं दिग्रस वाचून राह्यलं? घोडीची गोष्ट हाय तं गलती माझ्याच पोरीले दिसन!" पण लगेच गंभीर झाले. "पर बाई, पोरगी आता मोठी झाली. थ्या पोट्ट्या तिले नावं ठेवतात, मले समजत नाही का? कायले पाठवू?"

मी पिशवीतून बिजली काढली, एकशे एकोणतिसावं पान उघडलं आणि मुबीनाला म्हटलं, "हे तू बिजलीत वाचलं नाहीस. कुणीच वाचलं नव्हतं." तिचे हात मेंदीचे, म्हणून पुस्तक मी धरलं आणि ती मोठ्याने वाचू लागली. सलीमभाई घोडी पुसत ऐकत होते. पंचांनी रेवाला नाही म्हटलं तिथे त्यांचा फडक्याचा हात थांबला. "घोडी माझी आहे. माझं नाव लिहा," हे वाचून झालं, तसे ते पुन्हा घोडी पुसू लागले. पुढे घोडीला शर्यतीआधी बादलीभर पाणी पाजलेलं आलं, तेव्हा बापलेक एकदमच ओरडले, "आता पोट दुखन ना तिचं!"

"हे माझं नाही हो," मी घाईने म्हणाले. "हे ज्यानं लिहिलं त्याचं."

सलीमभाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. "शनिवारी पाठवतो," म्हणाले. "लिहिणाऱ्यालेच समजत नसन तं कोणंतरी तिथं असाले पाह्यजे."

शनिवारी मुबीना आली आणि सवयीने खिडकीखाली बसायला गेली. मुली आधीच बाकावर होत्या. शेवंतीचं पुस्तक मध्ये उघडं. मग कल्याणीने बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"शेवंतीचा पाय मोडते अन् तीन महिन्यात बरा होते," ती म्हणाली. "हे खरं का झूट?"

मुबीनाने पान वाचलं. "मोडला नसन. मुरगळला असन. लिहिणाऱ्याले फरक माहीत नसन."

"मुरगळला तं काय करतात?"

मुबीना सांगू लागली. थंड पाण्याच्या पट्ट्या, मऊ जमीन, चणे बंद. आवाज बारीक होता, म्हणून त्या जवळ सरकल्या. नाकाला ओढणी लावायचं कुणाला सुचलं नाही. सर दोनदा 'शांतता राखा' च्या पाटीखाली येऊन उभे राहिले आणि दुसऱ्यांदा तिथेच टेकले.

"तू बसतं का घोडीवर?" कल्याणीने विचारलं.

"रोज. फिरवून आणा लागते."

मग कल्याणी अगदी हळू म्हणाली, "मले शिकवशीन?"

मुबीनाने तिला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, जशी घोडी घेताना सलीमभाई पाहत असतील.

"शिकवतो," ती म्हणाली. "पह्यले लीद उचलाले ये."

सोमवारी शाळा सुटल्यावर कल्याणी नाल्यापलीकडे गेली. सलीमभाई सांगत होते, लिदीचं टोपलं जड होतं, दोघींनी एकेक कान धरून उचललं.